भिंतीवरच्या सवाष्णी

२४ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची. जयपूरबाहेर कूकस गावाच्या पुढे डांबरी रस्ता संपतो तिथे टॅक्सीवाल्याने हात जोडले आणि यापुढे त्याची गाडी जाणार नाही, माझे पाय जातील, असं सांगितलं. मग इथले राखणदार नाथूलालजी मोटारसायकल घेऊन आले आणि ड्रिल मशीन, मोजपट्ट्यांची पिशवी, देवीचं सामान आणि मी, असं सगळं सामान वर नेलं. वाटेत डाव्या हाताच्या टेकडीवर बिबट्या राहतो हेही त्यांनी सांगितलं, शेजारी कोण राहतं ते सांगावं तितक्या सहज.

केबिन मात्र झकास आहे. अर्धी दगडी, अर्धी लाकडी, पुढे ओसरी, मागे चढ आणि काटेरी थोराची झुडपं. जयपूरच्या माणसांना हिवाळ्यात आपण शिमल्याला आलोय असं वाटावं म्हणून बांधलेली, आणि वारा सुटला की वाटतंही. आत एक लांब दगडी भिंत रिकामी आहे. तिच्यासाठीच मला बोलावलंय. मालकीणबाई सोनमजी पुढच्या महिन्यापासून ही जागा पाहुण्यांना देणार आहेत, आणि त्यांच्या मते भिंत बोडकी असली की पाहुण्यांना थंडी जास्त वाजते.

प्रत्येक कामाला नवी वही घालायची माझी जुनी खोड आहे, तेव्हा पहिल्या पानावर रीतसर ओळख. मी संपदा, माहेर-सासर दोन्ही सांगली. लोकांच्या भिंतींवर काय टांगायचं ते ठरवते आणि स्वतः टांगते. नवरा कौशिक विमा कंपनीत, जूनमध्ये जयपूरला बदली, शास्त्री नगरला फ्लॅट. ही आमची चौथी बदली. आता सामान बांधताना काही वाटत नाही आणि सोडतानाही काही वाटत नाही. माणूस बधिर होतो आणि त्याला वाटतं आपण समंजस झालो. कीर्ती तेवढी एक आहे, माझी लेक, सात वर्षांची, जिचा आवाज ऐकला की पोटात अजून काहीतरी हलतं.

सासूबाई सांगलीहून आल्यात म्हणून मला सोमवार ते शुक्रवार इथे राहता येतंय. निघताना कीर्ती रुसली. मग समोरचा हलणारा दात मी येईपर्यंत पडू द्यायचा नाही, या अटीवर तह झाला. फोनवर आत्ताच सांगितलं तिने की दात धरून बसले आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सांगानेरचे जुने लाकडी ठसे आणि त्यांनी छापलेलं कापड, दोन्ही फ्रेम करून लावू या, असं मी सोनमजींना सुचवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की ते तर जयपूरच्या प्रत्येक हॉटेलात आहे. त्यांना हवंय खानदान. जुन्या फोटोंची भिंत, म्हणजे इथे कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या राहत होतं असं पाहुण्यांना वाटेल. मग तुमच्याच आजोबा-पणजोबांचे लावू या का, असं विचारलं. छे, म्हणाल्या, ते घरी आहेत, पूजेत. आपली माणसं भाडेकरूंसमोर कोण टांगतं. दुसऱ्यांची चालतील.

तर आज दुसऱ्यांची माणसं आणायला चारदीवारीत, म्हणजे कोटाच्या आतल्या जुन्या शहरात गेले. ई-रिक्षाने जौहरी बाजार, तिथून आत गल्ली, गल्लीतून पोटगल्ली. जुन्या वस्तूंचा एक दुकानदार फोटो धुळीत उभे करून चहा पीत बसला होता. कुठलीशी हवेली विकली गेली, घरचं कुणी उरलं नव्हतं, तेव्हा भिंतीसकट म्हणावं असं सगळं त्याच्याकडे आलं. फोटो काळे-पांढरे, वरून हाताने रंगवलेले. साफा लाल, ओढणी पिवळी, गाल गुलाबी. मला चारच हवे होते. तो सुटे द्यायला तयार होईना. एका भिंतीवरचे आहेत, म्हणाला, एकत्रच जातील. घासाघीस करायची माझी हौस दांडगी, पण या बाबतीत तो बधला नाही.

एक मोठा फोटो सगळ्या घराचा आहे. मध्ये म्हातारे बाबा, शेजारी त्यांची बायको, दोन मुलगे आणि दोन सुना. थोरली उभी आहे. धाकटी खुर्चीवर बसलीय, आणि मांडीवर मूल धरावं तसे दोन्ही हात धरलेत, पण मांडी रिकामी. तिच्या पुढ्यात एक बुटकं स्टूल आहे, तेही रिकामं. फोटो काढताना पोरगं पळालं असेल, असं दुकानदार म्हणाला. बाकीचे सगळे याच माणसांचे सुटे फोटो.

येताना फोटो मांडीवर धरून बसले. वजनदार आहेत. जुनं सागवान.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आजचा दिवस कामाचा, म्हणजे सुखाचा. माझी पद्धत साधी आहे. प्रत्येक फ्रेमच्या मापाचा वर्तमानपत्राचा तुकडा कापायचा, चिकटपट्टीने भिंतीवर लावायचा, लांब जाऊन बघायचं, हलवायचं, परत बघायचं. कागद मनासारखे बसले की मगच भोक. दगडी भिंतीत चुकीचं भोक पडलं तर ते जन्मभर आपल्याकडे बघत राहतं. मोठा फोटो डोळ्यांच्या उंचीला, त्याच्याभोवती बाकीचे, पण फार शिस्तीत नाही. घरातले फोटो जसे जागा मिळेल तसे लागत जातात, तसे.

नाथूलालजींची बायको भंवरी दाराशी उभी राहून बघत होती. हसरी आहे, आत मात्र आली नाही. तिला म्हटलं की उद्या माझा मार्गशीर्षातला गुरुवार, संध्याकाळी हळदीकुंकवाला ये. तिला आधी हळदीकुंकू म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिला ते फार आवडलं, पण भाच्याच्या लग्नासाठी दोघंही सकाळीच गावी निघणार. बघेऱ्याला, म्हणजे बिबट्याला, घाबरू नका, तो लाजाळू आहे, असा धीर देऊन गेली.

भिंत लागली. लांबून बघितली तर खरंच वाटलं की हे लोक इथलेच आहेत आणि मी पाहुणी. धाकट्या सुनेचा सुटा फोटो तेवढा दर वेळी तिरका होत होता. पाणसळ लावली की सरळ, पाठ फिरवली की तिरका. शेवटी हुकामागे कागदाची घडी घातली.

कीर्तीने फोनवर दात दाखवला. अजून लोंबतोय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

गुरुवार मी लग्नापासून करते. जिथे बदली तिथे देवी. कलश, नारळ, विड्याची पानं, सगळं शास्त्री नगरहून बांधून आणलं होतं. लांब भिंतीखालच्या लाकडी पेटीवर पूजा मांडली, पोथी वाचली, खिरीचा नैवेद्य दाखवला. सगळं यथासांग झालं आणि मग पंचाईत. हळदीकुंकवाला सवाष्ण नको का? भंवरी गेलेली. टेकडीवर दुसरी बाई नाही. एका वर्षी रांचीला असताना मी चक्क लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी बाईला कुंकू लावलं होतं आणि ती बिचारी घाबरली होती. पण इथे लिफ्टसुद्धा नाही.

मग वर बघितलं. मोठ्या फोटोतल्या सासूबाई आणि दोन्ही सुना, तिघी नटूनथटून, कपाळ रिकामं. मला हसू आलं. नवरे फोटोत शेजारीच आहेत म्हणजे सवाष्णीच की. आधी हळद, मग कुंकू, उजव्या हाताच्या अनामिकेने काचेवर लावलं. थोरलीला, धाकटीला, सासूबाईंना वाकून नमस्कारही केला. खीर वाटीत घालून पेटीवर ठेवली. घरी बसायला या असंही म्हणून टाकलं, कारण ते म्हटल्याशिवाय हळदीकुंकू पुरं झाल्यासारखं वाटत नाही. कौशिकला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, तुला माणसं लागतात हे आज कळलं.

एक बारीकशी गोष्ट. आपल्याकडे जिला लावतो तीही उलट आपल्याला लावते. ती रीत आज राहून गेली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी तोंड धुताना आरशात बघितलं तर टिकलीच्या वर कुंकू. आधी हळद, मग कुंकू, नीट गोल, माझ्या हाताला कधीच न जमणारं. काल मीच लावलं असेल असं म्हणून पुसलं. पुसताना बघितलं, हे माझं कुंकू नव्हे. माझं गर्द लाल, करंड्यातलं. हे केशरी.

भिंतीकडे गेले. काचेवरचे ठिपके जागच्या जागी होते. सोनमजी बघायच्या आत पुसून टाकावेत म्हणून ओलं फडकं घेतलं. निघेनात. नख लावलं. नखाखाली काच गुळगुळीत होती. कुंकू काचेच्या आतल्या बाजूला आहे.

फ्रेमची पाठ बघितली. कागद चिकटवून मागून बंद केलेली, जशीच्या तशी.

घाबरून जायला हवं होतं. मी फडकं पिळलं, वाळत टाकलं, चहा केला. आतून एकदम शांत वाटलं, दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल होतो तसं. उत्तरपूजा केली. खिरीची वाटी रिकामी होती, घासलेलीही होती. संध्याकाळी घरी निघाले.

३० नोव्हेंबर, रविवार

शास्त्री नगर. काल दात पडला. कीर्ती बाहेरच्या खोलीतून धावत आली आणि तोंड उघडून खिंडार दाखवलं. मी तिला उचललं. तिचा गाल माझ्या मानेला लागला, केसांना शाम्पूचा वास आला, ती काहीतरी सांगत होती. आणि मला काही वाटलं नाही.

हे नीट लिहायला हवं. राग नाही, कंटाळा नाही. पायाला मुंग्या येऊन गेल्यावर पाय जसा आपला वाटत नाही, तशी ती हातात होती. मी हसले, पापी घेतली, दात डबीत ठेवला. सगळं केलं. पोटात हलतं ते हललं नाही.

सासूबाई स्वयंपाकघरात म्हणाल्या की दमलेली दिसतेस, दोन दिवस राहा, ती भिंत कुठे पळून जात नाही. कौशिकने विचारलं की डोक्यावर ओढणी का घेतलीस. थंडी वाजते म्हणाले. ओढणी डोक्यावर घेतल्याचं मला कळलंच नव्हतं.

खरं तर काम संपलंय. दोन आरसे लावायचे राहिलेत, ते नाथूलालजीही लावतील. तरी उद्या जाणार आहे.

२ डिसेंबर, मंगळवार

भिंतीवर एक जास्तीचा कागद आहे. वर्तमानपत्राचा लहान आयत, धाकट्या सुनेच्या फोटोखाली, माझ्याच चिकटपट्टीने लावलेला. मी तो कापलेला नाही. त्या मापाची फ्रेम माझ्याकडे नाही.

सोनमजींनी व्हिडिओ कॉलवर भिंत बघितली. खूश झाल्या. मग ते लाल ठिपके काय म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं, गुरुवार, सवाष्ण, काच. मग म्हणाल्या की आमच्याकडे पितरांना घरचीच बाई टिळा लावते, बाहेरची नाही लावत. आणि जी लावेल तिला ते घरचीच धरतात. मग हसल्या, पाहुणे घाबरतील, पुसून टाका म्हणाल्या. पुसलं जात नाही हे मी सांगितलं नाही. सांगावंसं वाटलं नाही.

कीर्तीचा फोन आला होता. घेतला. काय बोलली आठवत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

भंवरी आली लग्नाहून. या वेळी भिंतीकडे बघायचंच नाही असं ठरवून पूजा ओसरीवर मांडली आणि भंवरीला हळदीकुंकू दिलं. तिने ओढणी पुढे करून खीर घेतली, लग्नातल्या गमती सांगितल्या. मग दारातून आत भिंतीकडे बघितलं आणि विचारलं, दीदी, हे तुमच्या घरचे का. विकत आणलेत म्हटल्यावर हसली. नंतर हसायची थांबली आणि खीर न संपवता उठली.

दिवस बुडता बुडता पोथी वाचायला बसले. एकटीच, ओसरीवर, उजेड होता अजून. वाचून उठताना ओढणी जड लागली. पदरात गहू आणि गुळाचा खडा. गाठ मारलेली.

माझी ओटी भरलीय. आपल्याकडे तांदूळ असतात. इकडे गहू.

गाठ सोडायला हवी होती. मी गुळाचा खडा तोंडात टाकला. गोड लागला नाही. आता काहीच गोड लागत नाही, मीठही कळत नाही. हरकत नाही असं वाटलं.

७ डिसेंबर, रविवार

घरी गेले नाही. काम राहिलंय असं कौशिकला सांगितलं. काम नाही. दिवसभर भिंतीसमोर बसते. उन्हाचा कवडसा एकेकाच्या तोंडावरून सरकत जातो.

कीर्ती फोनवर रडली. शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू याव्यात तसं तिचं रडणं ऐकलं. कुणाचा तरी कुकर, कुणाची तरी डाळ. सासूबाईंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, संपदा, पोर तुझी वाट बघतेय गं. होय आई, म्हटलं.

मी तिची आई आहे हे मला माहीत आहे. जयपूर राजस्थानात आहे हे जसं माहीत आहे, तसं.

९ डिसेंबर, मंगळवार

माझ्या हातात नेहमीच्या हिरव्या काचेच्या बांगड्या नाहीत. लाखेच्या आहेत. लाल, खडे बसवलेल्या, मनगटाला घट्ट. कधी भरल्या माहीत नाही. हात दुखला असणार. कळलं नाही.

धाकट्या सुनेच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या आहेत. बाकी फोटोचा रंग उडालेला, बांगड्यांचा ताजा. तिचे हात तसेच, मूल धरल्यासारखे.

म्हणजे त्या घेतात आणि देतात. रीतच आहे. मी दिलं, त्यांनी परत दिलं. त्यांनी माझं काय घेतलं ते मला आता समजतंय. बांगड्या सगळ्यांत शेवटी घेतल्यात. आणि मांडी अजून रिकामी आहे. स्टूल रिकामं आहे. तो लहान कागद—

कीर्तीची उंची मी मनातल्या मनात मोजली. मोजायला नको होती.

११ डिसेंबर, गुरुवार

पूजा केली नाही. लग्नापासून पहिल्यांदा. सकाळपासून फोटो उतरवले. एकेक, हुकातून काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून, ओसरीवर. भिंत बोडकी केली. मग हात धुवायला गेले.

परत आले तर सगळे वर. माझ्या हातावर दगडाची भुकटी होती, केसात होती. ड्रिल गरम होतं. मीच लावले. नवीन भोकं पाडून, आणखी नीट.

भीती वाटत नाही याचीच आता भीती वाटायला हवी. तीही वाटत नाही. पण लिहायला बसले की बोटांना पेन कळतं. टणक, गार. एवढी एकच गोष्ट अजून कळते.

म्हणून लिहिता लिहिताच फोन जवळ ओढला आणि कौशिकला मेसेज केला. कीर्तीला इकडे आणू नकोस. काही झालं तरी आणू नकोस. विचारू नकोस.

त्याचा लगेच फोन आला. काय झालं, बरी आहेस ना, असं नुसतं विचारत राहिला. पेन खाली ठेवलं होतं. मी म्हणाले की सगळं छान आहे. माझाच आवाज. तो म्हणाला की तुझं काहीतरी बिनसलंय, परवा शनिवार आहे, कीर्तीला घेऊन येतो आणि तुला घरी नेतो. कीर्ती मागे ओरडत होती, आई आम्ही येतोय.

या, म्हणाले मी.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पेटीवर एक लहान फ्रेम तयार आहे. जुनं सागवान. सांधे माझ्या पद्धतीचे. आत काही नाही, नुसती काच.

भंवरी आली नाही. नाथूलालजी खालूनच गेले.

परत मेसेज लिहिला. जात नाही. रेंज नाही. टेकडी उतरून जावं म्हणून ओसरीच्या पायरीपर्यंत गेले. मग आत येऊन तिघींना नमस्कार केला. पाया पडायला वाकले तेव्हा वरून कुणीतरी डोक्यावर हात—

जड हात. मायेचा. मला रडू यायला हवं होतं.

१३ डिसेंबर, शनिवार

ताट तयार आहे. मी मांडलेलं नाही. हळद, केशरी कुंकू, गहू, गूळ.

कुमारिकेलाही लावतात. त्याला काही हरकत नसते.

नाथूलालजींची मोटारसायकल खाली थांबली. ऊन आहे. कौशिकचा आवाज, आणि पळत येणारी पावलं. ती पुढे, तो मागे सामान काढतोय.

उजवा हात कुंकवाकडे जातोय. मी पेन उचललं. थांबला. कुंकू उजव्या हातानेच लावायचं असतं, डाव्याने नाही. तेवढं त्यांनाही चालत नाही. उजव्या हातात पेन आहे तोवर— म्हणून लिहितेय. काहीही लिहितेय. भिंत दगडी. ऊन पिवळं. कीर्ती सात वर्षांची. कीर्ती माझी. माझी लेक. लिहिलं की खरं वाटतं, थोडंसं, पोटात थोडंसं—

आली. दारात आहे. समोरचा दात नाही. हसतेय.

मागे हो असं लिहिता येतंय. म्हणता येत नाही. तोंड उघडलं तर ये बाळ असं येतंय बाहेर. तोंड बंद ठेवलंय. दात आवळलेत.

ती भिंतीकडे बघतेय. ह्या कोण आजी म्हणून विचारतेय. मी उत्तर देत नाही. मी लिहितेय. कौशिक, लवकर ये. कौशिक पायऱ्यांवर आहे, अजून खाली, बोलतोय कुणाशी तरी.

आई, तू माझ्याशी बोल ना, म्हणतेय. आई, किती दिवसांनी. आई, वही ठेव ना. माझ्या मांडीवर चढलीय. वजन कळलं. देवा, वजन कळलं तिचं—

आई माझ्याकडे बघ म्हणून तिने पेन धरलंय. ओढतेय. मी सोडणार नाही. रुसलीय, दोन्ही हातांनी ओढतेय, बाळा, सोड, पेन नको ओढूस, कीर्ती, सोड, पेन